कार्बोनारा : अंडी, चीज आणि युद्धानंतरचे रोम

स्पॅगेटी कार्बोनारा हा रोम शहराचा पदार्थ. शिजवलेली स्पॅगेटी, अंडी, मेंढीच्या दुधाचे खारट पेकोरिनो चीज, डुकराच्या गालाचे मुरवलेले मांस (ग्वान्चाले) आणि जाडसर भरडलेली काळी मिरी एवढ्या पाच जिनसांत तो होतो. कांदा नाही, लसूण नाही, टोमॅटो नाही, क्रीमही नाही. रोमच्या त्रास्तेव्हेरे किंवा तेस्ताच्चो भागातल्या कुठल्याही खानावळीत हे नाव ठरलेले असते. पदार्थ त्या शहराशी इतका एकरूप झाला आहे, की तो शेकडो वर्षांपासून तिथे शिजत आला असावा अशी समजूत केवळ परदेशी पाहुण्यांचीच नव्हे, तर अनेक इटालियनांचीही असते. कागदपत्रे मात्र वेगळे सांगतात. आदा बोनी या नामवंत पाकशास्त्र-लेखिकेने १९३० च्या सुमारास रोमच्या स्वयंपाकावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. शहराचे खास म्हणून ओळखले जाणारे पदार्थ तिने त्यात नोंदवले आणि त्यांत कार्बोनारा नाही. पंचवीस वर्षांनी त्याच शहरात तो सर्वतोमुखी झालेला दिसतो. मधल्या काळात जे घडले, तोच या पदार्थाच्या इतिहासाचा गाभा आहे.

घटक मात्र फार जुने आहेत. वाळवलेल्या पास्त्याची इटलीतली जुनी आणि स्पष्ट नोंद ११५४ ची आहे. सिसिलीचा नॉर्मन राजा दुसरा रॉजर याच्या दरबारातील अरब भूगोलकार अल्-इद्रिसी याने पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाचे वर्णन करताना तिथे बनणाऱ्या ‘इत्रिया’ या शेवयांचा उल्लेख केला आहे. त्या जहाजे भरभरून मुस्लिम आणि ख्रिस्ती अशा दोन्ही मुलखांत जात. त्यासाठी लागणारा गहू कडक दाण्याचा, म्हणजे ड्युरम. महाराष्ट्रात बन्सी म्हणून ओळखला जाणारा गहू याच जातीचा. त्याच्या रव्याचा पास्ता नीट वाळला की महिनोन्महिने टिकतो, आणि म्हणूनच तो समुद्रव्यापाराचा माल झाला. तो शिजवण्याची रीत आजच्यासारखी नव्हती. पंधराव्या शतकातला प्रसिद्ध स्वयंपाकी मार्तिनो दा कोमो याने सिसिलीच्या माकारोनी दोन तास शिजवायला सांगितल्या आहेत. दाताखाली किंचित कडक लागणाऱ्या पास्त्याची आवड, जिचा इटालियनांना आज एवढा अभिमान आहे, ती कित्येक पिढ्यांनंतर रुजली.

सतराव्या शतकात पास्त्याचे केंद्र नेपल्सकडे सरकले. तिथली माणसे तोवर पालेभाजी खाणारी म्हणून ओळखली जात. शहराची वस्ती बेसुमार वाढली, मांस परवडेनासे झाले, आणि कणीक तिंबण्याची व सोऱ्यासारखी दाबून तिच्या नळ्या पाडण्याची यंत्रे सुधारली, तसा पास्ता गरिबांच्या आवाक्यात आला. ग्रान्यानो आणि तोर्रे आन्नुन्झियाता ही नेपल्सजवळची गावे समुद्राच्या आणि डोंगराच्या वाऱ्यावर पास्ता वाळवण्यासाठी नावारूपाला आली. शहरात रस्त्याच्या कडेला मोठाल्या हंड्यांत माकारोनी शिजत. विक्रेता ती बाहेर काढून वर चीज किसून देई आणि गिऱ्हाईक उभ्या उभ्या हाताने खाई. टोमॅटो पास्त्यावर येण्याच्या कितीतरी आधीपासून चीज हाच पास्त्याचा सोबती होता. टोमॅटो घातलेल्या पास्त्याच्या कृती पुस्तकांत रुळल्या त्या एकोणिसाव्या शतकात.

चीज आणि अंडी पास्त्यात एकत्र आल्याची लेखी नोंद १८३९ पासून सापडते. हा ‘काचो ए उओवा’, म्हणजे चीज आणि अंडी घातलेला पास्ता. डुकराची चरबी वितळवून पास्ता त्यात घोळवायचा आणि वरून फेटलेली अंडी व किसलेले चीज मिसळायचे, एवढीच त्याची रीत. त्यात मांस नाही, मिरीही नाही. १८८१ मध्ये नेपल्सच्या स्वयंपाकावर फ्रान्चेस्को पाल्मा याने लिहिलेल्या पुस्तकात चीज, अंडी आणि चरबी घातलेल्या माकारोनी आहेत. अंड्याने रस दाट करण्याची युक्ती मध्य आणि दक्षिण इटलीत पास्त्यापुरतीच नव्हती. आब्रुत्सो प्रांतात ईस्टरला कोकराचे मटण चीज आणि अंड्यात शिजवतात, आणि रोममध्येही कोकराच्या मटणाचा रस अंड्याचा बलक व लिंबू घालून दाट करण्याची चाल आहे. अंडे आचेवर फुटू न देता दाट करायचे कसे, हे त्या भागातल्या स्वयंपाकघरांना ठाऊक होते. कार्बोनाराच्या जन्माचा विचार करताना ही गोष्ट विसरून चालत नाही, आणि नेमकी तीच बहुतेक वेळा विसरली जाते.

पेकोरिनो आणि ग्वान्चाले हे दोन्ही घटक मेंढपाळांच्या जगातले. आपेनाइन डोंगररांगांतले मेंढपाळ उन्हाळ्यात वर चराईला जात आणि थंडीत कळप घेऊन रोमभोवतीच्या सपाट रानात उतरत. बरोबर न्यायचे ते टिकाऊ हवे, म्हणून सुका पास्ता, मुरलेले चीज आणि मिठात मुरवलेली चरबी. मेंढीच्या दुधाच्या चीजचे वर्णन पहिल्या शतकातल्या कोलुमेल्ला या रोमन कृषिलेखकाने केले आहे. कोकराच्या आतड्यातल्या रसाने दूध विरजायचे, दही दाबून पाणी काढायचे आणि मिठात मुरवायचे, ही रीत त्याच्या ग्रंथात ओळखता येते. पेकोरिनो रोमानो या नावात रोम असले, तरी ते आज मुख्यतः सार्डिनिया बेटावर बनते. १८८४ मध्ये रोमच्या नगरपालिकेने शहरातल्या दुकानांत चीज खारवायला बंदी केली, तेव्हा अनेक उत्पादक मेंढ्यांनी भरलेल्या त्या बेटाकडे वळले. त्याच सुमारास लाखो इटालियन अमेरिकेला स्थलांतर करत होते. त्यांना गावाकडचे खारट चीज हवे असे, आणि पिंपे भरभरून पेकोरिनो अटलांटिकपार जाऊ लागले.

ग्वान्चाले म्हणजे डुकराचा गाल. तो साधारण त्रिकोणी कापतात, त्याला मीठ आणि भरपूर मिरी चोळतात, काही दिवस मिठात ठेवतात आणि मग दोन-तीन महिने हवेशीर जागी टांगतात. त्यात मांसाचा पट्टा बारीक असतो आणि बाकी सारी चरबी. पोटाच्या मांसापासून बनणाऱ्या पान्चेत्तापेक्षा ही चरबी घट्ट असते आणि तव्यावर ती संथपणे सुटते. चीज आणि मिरी घातलेला ‘काचो ए पेपे’, त्यात ग्वान्चाले आले की ‘ग्रिचा’, ग्रिचात टोमॅटो आला की ‘आमात्रिचाना’, असे रोमच्या परिसरातल्या पास्त्यांचे घराणे आहे. ग्रिचात अंडे आले की कार्बोनारा होतो. मांडणी म्हणून ही साखळी सुरेख दिसते आणि स्वयंपाक शिकवताना उपयोगीही पडते. पण इतिहास या क्रमाने घडला असे तीवरून ठरत नाही, कारण पहिल्या कार्बोनाराच्या कृतींमध्ये ग्वान्चाले नाही आणि पेकोरिनोही क्वचितच आहे.

पदार्थाच्या नावात ‘कार्बोने’, म्हणजे कोळसा, ऐकू येतो, आणि त्याभोवती कथा पुष्कळ जमल्या. आपेनाइनच्या जंगलात कोळसा पाडणाऱ्या मजुरांचे हे जेवण, ही त्यांतली सर्वांत लोकप्रिय. रात्रभर भट्टी राखणाऱ्या माणसाला अंडी, चीज आणि खारवलेली चरबी जवळ बाळगणे सोपे, म्हणून ती पटतेही. दुसरी कथा एकोणिसाव्या शतकातल्या कार्बोनारी या गुप्त क्रांतिकारक संघटनेशी नाते जोडते. मिरीचे काळे कण कोळशाच्या भुकटीसारखे दिसतात, ही तिसरी. तिन्ही कथा पदार्थ प्रसिद्ध झाल्यानंतरच्या आहेत. कोळसेवाल्यांच्या किंवा क्रांतिकारकांच्या काळातला एकही कागद या नावाचा पास्ता दाखवत नाही. एखाद्या पदार्थाला गरीब श्रमिकांचा वंश देण्याची ओढ समजण्यासारखी असली, तरी पुराव्याची जागा ती घेऊ शकत नाही.

पुरावा दाट होतो तो दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. ८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीची शरणागती जाहीर झाली आणि लगोलग जर्मन फौजांनी रोमचा ताबा घेतला. पुढचे नऊ महिने शहर उपासमारीत गेले. रेल्वे आणि रस्त्यांवर बॉम्ब पडत होते, खेड्यांतून धान्य येईना. १९४४ च्या वसंतात माणशी पावाचे रेशन दिवसाला १०० ग्रॅमवर आले. बेकऱ्यांसमोर बायका दंगा करू लागल्या. तेल, साखर, अंडी काळ्या बाजारात मिळत, पण त्या भावाने घेणे सामान्य घराला शक्य नव्हते. ४ जून १९४४ रोजी अमेरिकी सैन्य रोममध्ये शिरले, ते या रिकाम्या स्वयंपाकघरांच्या शहरात.

सैन्याबरोबर त्याचा शिधा आला, आणि तो रोमच्या लोकांनी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता असा होता. अमेरिकी सैनिकाच्या हातात पडणाऱ्या ‘के-रेशन’च्या न्याहारीच्या खोक्यात चिरलेले हॅम आणि अंडी एकत्र शिजवून भरलेला डबा असे. दुपारच्या खोक्यात प्रक्रिया केलेले चीज असे. तळावरच्या भटारखान्यात बेकनचे डबे आणि अंड्याची पावडर यांचे ढीग असत. यातले बरेचसे सैनिकांनी वाटल्याने, विकल्याने किंवा सिगारेटींसारखे अदलाबदलीत दिल्याने शहरात पसरले. भुकेल्या शहरातल्या खानावळवाल्याकडे पास्ता थोडाफार होता, हात सरावलेला होता. गिऱ्हाईक आता परदेशी सैनिक होते, ज्यांना सकाळच्या बेकन-अंड्याची सवय होती. त्या सामानातून ‘काचो ए उओवा’च्या जुन्या रीतीवर बेकन घातलेला पास्ता तयार होणे अगदी स्वाभाविक होते.

या काळाशी एका माणसाचे नाव जोडले गेले आहे. बोलोन्याचा स्वयंपाकी रेनातो ग्वालांदी याने पुढे सांगितले, की २२ सप्टेंबर १९४४ रोजी आड्रियाटिक किनाऱ्यावरच्या रिच्चोने गावी ब्रिटिश आठव्या सैन्याच्या आणि अमेरिकी पाचव्या सैन्याच्या अधिकाऱ्यांसाठी त्याने जेवण केले. अमेरिकनांकडे उत्तम बेकन, क्रीम, चीज आणि अंड्याच्या बलकाची पावडर होती. ते सारे एकत्र करून त्याने पास्त्यावर घातले आणि अखेरीस मिरी टाकली. त्यानंतर १९४५ च्या एप्रिलपर्यंत तो रोममध्ये मित्रराष्ट्रांच्या फौजांसाठी स्वयंपाक करत होता. एका रात्रीत, एका हाताने पदार्थ जन्मला असे मानणे धाडसाचे होईल. तरीही त्या हकिकतीतली सामग्री विश्वासार्ह आहे, कारण सुरुवातीच्या छापील कृतींमध्ये रोमच्या मेंढपाळांपेक्षा सैन्याच्या कोठाराची छाप अधिक दिसते.

रिच्चोनेतल्या त्या जेवणाच्या आसपास जी लढाई चालू होती, तिच्याशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. आठव्या सैन्यात भारतीय डिव्हिजन होत्या. रिच्चोनेपासून वीसेक किलोमीटरवरच्या सान मारिनोत चौथी भारतीय डिव्हिजन त्याच आठवड्यात लढत होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी इटलीत आठव्या आणि दहाव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होत्या. तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने शत्रूची मशिनगन काबीज करून धारातीर्थी पडले. नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी जखमी सहकाऱ्यांना वाचवून तीन मशिनगन बंद पाडल्या. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पेरूज्यानजीकच्या मोन्तोने गावाने २०२३ मध्ये घाडगे यांचे स्मारक उभारले. या जवानांच्या शिध्यात बेकन-अंडी नव्हती. त्यांच्यासाठी आटा, डाळ आणि तूप येई. ज्या फौजेच्या अधिकाऱ्यांच्या ताटात कार्बोनाराचा आरंभ सांगितला जातो, त्याच फौजेच्या आघाडीवर ही माणसे होती. इटलीतल्या त्या वर्षाची कथा मराठीत सांगताना त्यांची नावे आली पाहिजेत.

युद्ध संपले, फौजा परतल्या, पण नाव शहरात राहिले. २६ जुलै १९५० च्या ‘ला स्ताम्पा’ या वृत्तपत्रात त्रास्तेव्हेरे भागातल्या एका खानावळीसंबंधी मजकूर आला. कार्बोनाराच्या शोधात त्या भागात येणाऱ्या अमेरिकी अधिकाऱ्यांचे स्वागत तिच्या मालकाने सर्वांआधी केले, असे त्यात म्हटले होते. इटालियन छापील मजकुरातल्या सुरुवातीच्या उल्लेखांपैकी हा एक, आणि त्यातही अमेरिकी गिऱ्हाईक आहेच. १९५१ च्या एका इटालियन चित्रपटात, ‘कामेरिएरा बेल्ला प्रेझेन्झा ओफ्रेसी’ मध्ये, कामाला आलेल्या बाईला कार्बोनारा करता येतो का, असे विचारले जाते. म्हणजे तोवर प्रेक्षकांना हे नाव परिचित झाले होते.

पहिली छापील कृती इटलीत निघाली नाही. ती १९५२ मध्ये शिकागोत निघाली. शहराच्या नियर नॉर्थ साइड भागातल्या खानावळींची ओळख करून देणाऱ्या पॅट्रिशिया ब्रॉन्टे यांच्या पुस्तकात ‘आर्मांडोज’ या इटालियन उपाहारगृहाचा कार्बोनारा आहे. त्यात स्पॅगेटीऐवजी चपट्या बारीक शेवया, इटालियन पद्धतीचे बेकन, अंडी आणि पार्मेझान आहे. १९५४ मध्ये इंग्लंडमध्ये एलिझाबेथ डेव्हिड यांच्या इटालियन स्वयंपाकावरील पुस्तकात हा पदार्थ आला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘ला कुचिना इतालियाना’ या मासिकाने इटलीतली पहिली कृती छापली. ती आज रोमच्या स्वयंपाक्याला दाखवली तर त्याला धक्का बसेल. तिच्यात पान्चेत्ता आहे, लसूण आहे, आणि चीज म्हणून ग्रुयेर, म्हणजे आल्प्सपलीकडचे स्विस चीज. लगेच पुढच्या वर्षी फेलिक्स देस्सी याच्या पुस्तकात लसूण आणि ग्रुयेर गेले आणि पार्मेझान किंवा पेकोरिनो आले. आजच्या कार्बोनाराची बाह्यरेषा तिथे पहिल्यांदा दिसते.

तरीही पदार्थ स्थिर व्हायला अजून काळ होता. १९६० मध्ये लुइजी कार्नाचिना या प्रतिष्ठित पाकतज्ज्ञाने आपल्या मोठ्या ग्रंथात ग्वान्चाले वापरले. कार्बोनाराच्या छापील इतिहासात ग्वान्चालेचा प्रवेश तेव्हाच होतो. पण त्याच कृतीत क्रीमही होते. पुढची तीसएक वर्षे इटलीतल्या पुस्तकांत क्रीम येत-जात राहिले. आधुनिक इटालियन स्वयंपाकाचे अध्वर्यू मानले जाणारे ग्वाल्तिएरो मार्केसी यांच्या १९८९ च्या कृतीतही ते आहे. क्रीम म्हणजे परदेशी अडाणीपणा, असे आता सर्रास म्हटले जाते. वस्तुस्थिती अशी, की इटलीच्या उत्तमोत्तम स्वयंपाक्यांनी ते घातले. त्यामागे कारणही होते. अंडे आणि गरम पास्ता यांची गाठ पडली की मिश्रण फुटण्याची भीती असते. क्रीम घातले की अंड्याचे प्रथिन पातळ पसरते, उशिरा आळते, आणि गर्दीच्या वेळी एकदम दहा ताटे वाढणाऱ्या खानावळीलाही रस मऊ राखता येतो.

क्रीमशिवाय तेच साधायचे, ही कार्बोनाराची खरी परीक्षा, आणि त्यामागचे शास्त्र समजून घेण्यासारखे आहे. अंड्याचा पांढरा साधारण ६३ अंश सेल्सिअसच्या आसपास घट्ट होऊ लागतो, पिवळा बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान. उकळत्या पाण्यातून काढलेला पास्ता याहून बराच तापलेला असतो. म्हणून तवा आचेवरून उतरवल्यावरच अंडी पडतात. आधी ग्वान्चालेच्या बोटभर पट्ट्या तेल न घालता मंद आचेवर ठेवतात. चरबी पारदर्शक होते, सुटते, आणि कडा कुरकुरीत होतात. दुसरीकडे वाडग्यात बलक, एखादे संपूर्ण अंडे, किसलेले पेकोरिनो आणि ताजी भरडलेली मिरी ढवळून घट्ट लगदा करतात. पास्ता एखादे मिनिट कच्चा असतानाच तव्यात घेतात, पळीभर पास्त्याचे पाणी घालून चरबीत घोळवतात, आच बंद करतात, वाफ थोडी ओसरू देतात आणि मग वाडग्यातले मिश्रण ओततात. पास्त्याच्या पाण्यात उतरलेले स्टार्च इथे मोलाचे ठरते. ते अंड्याच्या प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही आणि चीजच्या गुठळ्या होऊ देत नाही. हात सतत फिरता ठेवला तर चरबी, पाणी, चीज आणि अंडे यांचा एकजीव, चकचकीत रस होतो आणि प्रत्येक धाग्याला लागतो. दहा-पंधरा अंशांची चूक झाली तर एका बाजूला कच्चे पातळ पाणी राहते, दुसऱ्या बाजूला भुर्जी होते. जुन्या मोठ्या खानावळींनी क्रीम जवळ केले ते या अरुंद वाटेवरून सुखरूप जाण्यासाठी.

पाच जिनसांचा आजचा काटेकोर पाठ १९९० च्या दशकात घट्ट झाला. त्या काळात इटलीत प्रादेशिक मालाला कायदेशीर मान मिळू लागला होता. पेकोरिनो रोमानोला १९९६ मध्ये युरोपीय संघाचे संरक्षित मूळस्थानाचे नाव मिळाले. ग्वान्चाले, जे पूर्वी रोमबाहेर मिळणेही कठीण होते, ते उत्तरेकडच्या दुकानांतही येऊ लागले. लाझिओ प्रांताच्या आपल्या मालाचा अभिमान वाढला, तसा पान्चेत्ता, पार्मेझान आणि क्रीम यांचा उल्लेख पुस्तकांतून मागे पडत गेला. हा बदल चवीच्या दृष्टीने चांगला झाला, हे मान्य केले पाहिजे. ग्वान्चालेची चरबी आणि पेकोरिनोचा तिखट खारटपणा यांनी पदार्थाला जो कणखरपणा दिला, तो ग्रुयेरच्या कार्बोनारात असणे शक्य नव्हते. परिपक्व पदार्थ पहिल्या आवृत्तीपेक्षा सरस निघाला, अशी उदाहरणे स्वयंपाकाच्या इतिहासात थोडी नाहीत.

पाठ घट्ट झाला तसे त्याचे पहारेकरीही तयार झाले. २०१६ मध्ये एका फ्रेंच चित्रफितीत पास्ता, कांदा आणि बेकन एकाच भांड्यात शिजवून त्यावर क्रीम आणि कच्च्या अंड्याचा बलक घातलेला दाखवला. इटलीत एवढा संताप उसळला, की ज्या पास्ता कंपनीचे नाव त्या चित्रफितीशी जोडलेले होते तिला त्यापासून हात झटकावे लागले. २०१७ पासून ६ एप्रिल हा कार्बोनारा दिवस म्हणून साजरा होतो. पार्मा विद्यापीठातले खाद्येतिहासाचे प्राध्यापक आल्बेर्तो ग्रांदी यांनी २०२३ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत कार्बोनारा अमेरिकी असल्याचे म्हटले, तेव्हा इटलीतल्या कोल्दिरेत्ती या शेतकरी संघटनेने ते राष्ट्राच्या खाद्यपरंपरेवरचे आक्रमण मानले. वाद अजून शमलेला नाही. ग्रांदी यांचे अर्धे म्हणणे पटते. बेकन, अमेरिकी गिऱ्हाईक आणि शिकागोची पहिली कृती यांचा पुरावा मोडता येत नाही. दुसऱ्या अर्ध्यात, १८३९ पासून चालत आलेला अंडी-चीजचा पास्ता आणि तो न फोडता एकजीव करणारे हात यांचा हिशेब नाही. त्या हातांशिवाय सैन्याच्या डब्यांतून फार तर बेकन-अंड्याची न्याहारी निघाली असती.

आज युरोपीय संघाच्या नोंदीत रोमच्या घराण्यातला एक पदार्थ आहे, तो आमात्रिचाना. २०२० मध्ये ‘आमात्रिचाना त्रादित्सिओनाले’ या नावाला पारंपरिक खासियत म्हणून संरक्षण मिळाले. त्या नावाने सॉस विकायचा तर ग्वान्चाले घालणे आता बंधनकारक आहे. कार्बोनाराला तसे संरक्षण नाही. पेकोरिनो, ग्वान्चाले, अंडी, मिरी आणि स्पॅगेटी हा त्याचा पाठ पाळला जातो तो फक्त संकेत म्हणून, आणि त्या संकेताचे वय चाळीस वर्षांहून कमी आहे.